जुना कॉम्प्युटर विकताना लायसन्सचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला आमचं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की, आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचे पंधरा दिवस, जुने लॅपटॉप द्यायला-घ्यायला माणसांची रीघ लागते. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. काउंटरवर उभं राहून तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. जिथे लोक जास्त फसतात तिथे उत्तर लांबलंय, बाकीचं दोन ओळींत उरकलंय.

लॅपटॉप माझा, बिल माझ्या नावावर. मग आतलं सॉफ्टवेअर माझं नाही का?

लॅपटॉप तुमचा. सॉफ्टवेअरची तुमच्याकडे आहे ती वापरायची परवानगी, म्हणजेच लायसन्स. गोव्यातल्या माणसाला हे समजवायला मला मुंडकाराचं उदाहरण सोपं पडतं. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा. तो घरात राहतो, घर शाकारतो, दारात तुळस लावतो, पण भाट, म्हणजे ती जमीन, भाटकाराची, जमीनमालकाची. गाव सोडून जाताना तो काही भाट विकून जात नाही. उदाहरण तंतोतंत नाही, कारण मुंडकाराच्या पाठीशी निदान १९७५चा कायदा आहे. आपल्या पाठीशी काय, तर न वाचता 'आय ॲग्री'वर केलेलं क्लिक.

तेव्हा 'सॉफ्टवेअर कोणाचं' या वादात पडण्यापेक्षा 'हे लायसन्स कशाला चिकटलंय' एवढं विचारा. काही लायसन्स यंत्राला चिकटलेली असतात, काही ईमेल खात्याला, काही कॉलेजला किंवा कंपनीला. यंत्राला चिकटलेलं असेल तर ते यंत्राबरोबर जातं. खात्याला चिकटलेलं असेल तर तुमच्याकडे राहतं. संस्थेचं असेल तर ते द्यायचा अधिकार तुम्हाला कधी नव्हताच.

माझं विंडोज कशाला चिकटलंय ते कसं ओळखायचं?

दुकानातून नवीन घेतलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोज आधीपासून होतं का? मग ते जवळजवळ नक्की ओईएम लायसन्स, म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने टाकून दिलेलं, यंत्राला चिकटलेलं. विंडोज ७च्या काळात लॅपटॉपच्या पोटाखाली पंचवीस अक्षरांच्या कीचा, म्हणजे लायसन्सच्या क्रमांकाचा, स्टिकर असायचा. आपल्याकडचा घाम आणि पावसाळ्यातली ओल यांनी त्यातली निम्मी अक्षरं पुसलेली असायची, मग भिंग घेऊन 'हा बी की आठ' असं चालायचं. विंडोज ८पासून कंपन्या ही की मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, चिपमध्येच भरून देऊ लागल्या. त्यामुळे विंडोज नव्याने टाकलं तरी ते आपली की आपण शोधून घेतं.

खात्री करायची असेल तर फोनवर सांगतो तेच इथे सांगतो. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकट उघडेल. त्यात इंग्रजीत एस, एल, एम, जी, आर अशी पाच अक्षरं सलग टाइप करा, मग एक जागा सोडा, मग तिरकी रेघ, तीच जी प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते, आणि तिला लागून डी, एल, आय. एंटर. दोन-चार सेकंदांनी एक करडी खिडकी येते. तिच्या वर्णनाच्या ओळीत 'ओईएम' दिसलं तर लायसन्स यंत्राचं. 'रिटेल' दिसलं तर ते वेगळं विकत घेतलेलं असण्याची शक्यता जास्त. 'व्हॉल्यूम', म्हणजे संस्थेने एकगठ्ठा घेतलेलं, दिसलं तर थांबा आणि खालचा हॉटेलवाल्यांचा प्रश्न वाचा.

ओईएम विंडोज नव्या मालकाला देताना काही कागद करावा लागतो का?

नाही. मायक्रोसॉफ्टच्या अटींप्रमाणे आधीपासून टाकलेलं विंडोज त्या यंत्रासकटच दुसऱ्याला देता येतं, सुटं देता येत नाही. पोटाखाली स्टिकर असेल तर तो खरवडू नका, तो लायसन्सचा भाग आहे. लॅपटॉप गेला की विंडोज गेलं. उलट, 'लॅपटॉप विकतो, पण की मला नव्यासाठी ठेवतो' असं म्हणणारे महिन्याला एक-दोन येतात. ते जमत नाही, अटींतही नाही आणि प्रत्यक्षातही नाही.

एक खास समुद्रकाठचा गुंता आहे. खाऱ्या हवेने मदरबोर्ड गंजतो आणि मग कोणीतरी दुसऱ्या लॅपटॉपमधला बोर्ड काढून बसवून देतं. की बोर्डात असते. म्हणजे तुमचं लायसन्स भंगारात गेलं आणि आता चालतंय ते दुसऱ्याच यंत्राचं. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बोर्ड बदलला तर ते सहसा नव्या बोर्डावर हे नीट करून देतात. बाहेर बदललेला असेल तर विकण्याआधी वर सांगितलेली खिडकी उघडून बघा, आणि बोर्ड बदललाय हे घेणाऱ्याला तोंडाने सांगा.

मी बॉक्समधलं रिटेल विंडोज घेतलं होतं. ते काढून नव्या मशीनला लावता येईल?

येईल, पण जुन्या मशीनवरून ते काढलंच पाहिजे. एका वेळी एकाच यंत्रावर. दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर अट अशी आहे, की पहिले लायसन्सधारक तुम्हीच असलं पाहिजे आणि घेणाऱ्याला त्याच अटी मान्य असल्या पाहिजेत. म्हणजे तुम्ही ते पुढे देऊ शकता, पण तुमच्याकडून ज्याने घेतलं तो ते तिसऱ्याला देऊ शकत नाही.

काढायची पद्धत: वरचंच अक्षरांचं प्रकरण, फक्त शेवटी डी, एल, आयऐवजी यू, पी, के. हे मात्र स्टार्ट मेनूतून कमांड प्रॉम्प्ट 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडून त्यात करा. मग मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीतून जुना कॉम्प्युटर काढून टाका. ही दुसरी पायरी लोक हमखास विसरतात.

लॅपटॉपसोबत 'लाइफटाइम ऑफिस' फुकट मिळालं होतं. ते पण देतोय असं सांगून हजारभर जास्त मागू का?

मागू नका. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपांत ऑफिस होम अँड स्टुडंट टाकलेलं असतं. अटींच्या कागदावर ते यंत्राबरोबर जायला हवं. पण पहिल्या दिवशी ते चालू करताना तुम्ही स्वतःचं ईमेल टाकलंत, तिथे ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलं गेलं. लॅपटॉप पुसून दिला की नव्या मालकाला वर्ड उघडताच 'साइन इन' दिसतं, आणि त्याच्या खात्यावर ऑफिस नाही.

माशेलच्या एका गृहस्थांनी यावर आपल्या परीने तोडगा काढला. घेणाऱ्या मुलाला ईमेल आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. दोन महिन्यांनी त्यांच्याच वनड्राइव्हमधले मुलीच्या साखरपुड्याचे फोटो त्या पोराच्या लॅपटॉपवर झळकायला लागले. पोराने प्रामाणिकपणे फोन करून सांगितलं, म्हणून निभावलं. खातं दुसऱ्याच्या हवाली करणं मायक्रोसॉफ्टच्या सेवा-अटींतही बसत नाही.

सरळ सांगा: 'ऑफिस यात नाही.' आम्ही अशा लॅपटॉपवर लिब्रे ऑफिस टाकून देतो. फुकट आहे, मराठी युनिकोड नीट चालतं, आणि शाळेचा प्रोजेक्ट किंवा सोसायटीचा ठराव लिहायला पुरून उरतं.

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर प्रश्नच नाही, ती वर्गणी आहे. जुन्यावरून साइन आउट करा, नव्यावर साइन इन करा.

टॅली दुसऱ्या कॉम्प्युटरवर कसं न्यायचं?

हा प्रश्न फोंडा, कुडचडे, डिचोली या पट्ट्यातले दुकानदार आणि ट्रकवाले सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून सावकाश सांगतो.

टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. त्याचं विकत घेतलेलं लायसन्स कायमचं असतं. सिल्व्हर एका जणासाठी, गोल्ड नेटवर्कवर अनेकांसाठी. सिल्व्हर ज्या कॉम्प्युटरवर चालू केलं तिथेच चालतं. दुसरीकडे न्यायचं तर आधी जुन्यावर ते 'सरेंडर' करावं लागतं. टॅली उघडा, एफ-१ दाबून हेल्पमध्ये जा, लायसन्सच्या भागात सरेंडर मिळेल. इंटरनेट चालू हवं. मग नव्या मशीनवर टॅली टाकून त्याच सीरियल नंबरने आणि नोंदवलेल्या ईमेलने चालू करा.

घोळ होतो तो क्रमात. माणूस आधी कॉम्प्युटर विकतो आणि मग सरेंडरची आठवण काढतो. किंवा ईमेल नोंदवलेलं असतं पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचं. मग त्याला शोधत फिरा, तो आता म्हणे कतारला आहे. म्हणून विकायचं मनात आलं की त्याच दिवशी दोन गोष्टी बघा: टॅलीच्या खात्यावर कोणाचं ईमेल आहे, आणि त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे.

आणि डेटा. सरेंडर केल्याने डेटा जात नाही. कंपनीचं फोल्डर जुन्या डिस्कवर तसंच राहतं, त्यात तुमच्या गिऱ्हाइकांची नावं, जीएसटी क्रमांक, उधाऱ्या, सगळं. बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, नव्या मशीनवर तो उघडतो का ते बघा, आणि मगच जुनी डिस्क पुसा. बॅकअप घेतला पण उघडून पाहिला नाही, हे कारण सांगत रडवेला चेहरा करून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

छापखान्यातला जुना कॉम्प्युटर विकायचाय. मराठी टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर आहे.

आधी मागे वाकून बघा. श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरना पूर्वी 'लॉक' किंवा डोंगल यायचं. अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला बसवलेला आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची वायर. पुढे तेच यूएसबीवर आलं. दिसायला ते जोडणीच्या कनेक्टरसारखं दिसतं, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. खरं लायसन्स ते आहे. सीडी हरवली तर निभावेल, तुकडा हरवला तर सॉफ्टवेअर उघडणार नाही.

डिचोलीच्या एका छापखान्याने चवथीआधी साफसफाई करताना जुना सीपीयू भंगारवाल्याला दिला. लॉक त्याच्या पाठीला तसंच. संध्याकाळी लग्नपत्रिकेची फाइल उघडेना तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मालक आणि ऑपरेटर दोघेही टॉर्च घेऊन भंगाराच्या ढिगावर. पत्र्यांच्या आणि कुलरच्या पंख्यांच्या खाली तो सीपीयू सापडला, लॉकसकट. भंगारवाल्याने दिलेल्या पैशांच्या चौपट परत मागितले आणि मालकाने निमूट दिले.

तेव्हा कॉम्प्युटर विकायचा, लॉक ठेवून घ्यायचं. सॉफ्टवेअरसकट विकताय तर लॉक, सीडी आणि मूळ बिल तिन्ही द्या, आणि आपल्याकडची प्रत काढून टाका.

हॉटेलचे दहा-बारा जुने कॉम्प्युटर ऑफ-सीझनमध्ये काढतोय. सगळ्यावर विंडोज प्रो आहे.

ते प्रो कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्सचं असेल तर ते हॉटेलचं आहे, यंत्राचं नाही. विकताना ते उतरवावं लागतं. चांगली बातमी अशी, की डेस्कटॉपचं व्हॉल्यूम विंडोज हे मुळात अपग्रेड असतं. खाली यंत्राबरोबर आलेलं ओईएम लायसन्स असावंच लागतं. ते यंत्राबरोबर जाऊ शकतं. म्हणून डिस्क पुसून मूळ ओईएम विंडोज टाकून द्या. तसंच पुसल्याशिवाय दिलं तर केएमएसवर, म्हणजे संस्थेच्या सर्व्हरवरून ॲक्टिव्हेट होऊन, चालणारं विंडोज १८० दिवसांच्या आत हॉटेलच्या सर्व्हरला भेटलं नाही की ॲक्टिव्हेशन मागायला लागतं. सहा महिन्यांनी घेणारा तुमच्या रिसेप्शनवर उभा.

दुसरं, यंत्रं कंपनीच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेली असतील तर ती नोंद काढा. नाहीतर रिसेट केल्यावर इंटरनेटला जोडताच 'तुमच्या संस्थेच्या ईमेलने साइन इन करा' असा पडदा येतो आणि लॅपटॉप पुढे सरकत नाही. बाहेरून स्वस्तात आलेल्या सेकंडहँड लॅपटॉपांत हे हल्ली बरंच दिसतं. घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: दुकानातच वायफायला जोडून पहिल्यापासून सेटअप करून बघा, नुसता डेस्कटॉप दाखवला म्हणून पैसे मोजू नका.

फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकत होतो, आता लॅपटॉप ज्युनियरला देतोय. ऑटोकॅड, मॅटलॅब वगैरे तसंच ठेवू?

नको. विद्यार्थ्यांची लायसन्स तुमच्या नावाची आणि कॉलेजच्या ईमेलची असतात. ऑटोडेस्कचं शैक्षणिक लायसन्स एक वर्षाचं असतं, पात्र असेपर्यंत ते नवीन करता येतं, आणि धंद्याच्या कामाला चालत नाही. ज्युनियर स्वतः विद्यार्थी आहे, त्याने स्वतःच्या नावाने घ्यावं, ऑटोकॅड त्यालाही फुकटच मिळेल. तुम्ही साइन आउट करा, काढून टाका.

सायबरएजसारख्या सरकारी योजनेतून किंवा संस्थेकडून मिळालेलं यंत्र असेल तर विकण्याआधी त्या कागदावरच्या अटी काढून वाचा.

फोटोशॉप?

आता वर्गणी आहे. ॲडोबीचं एक वैयक्तिक खातं दोन कॉम्प्युटरांवर चालू ठेवता येतं, म्हणून जुन्यावरून साइन आउट केल्याशिवाय तो देऊ नका. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवायचं, सीझनमध्ये नवीन मशीनवर 'मर्यादा ओलांडली' दिसलं की पंचाईत होते.

अँटीव्हायरसचे आठ महिने उरलेत.

ते तुमचे. पुण्याच्या क्विक हीलसारखं असेल तर काढताना लायसन्स डीॲक्टिव्हेट करा, की जपून ठेवा, नव्यावर उरलेले दिवस वापरा. डिस्क थेट फॉरमॅट केली तर कंपनीच्या लेखी ते जुन्या मशीनवरच चालू राहतं आणि मग कस्टमर केअरला फोन लावत बसावं लागतं.

गेम्स?

स्टीमचं, म्हणजे ऑनलाइन गेम विकणाऱ्या सेवेचं, खातं दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही. मुलगा म्हणेल 'सगळे विकतात'. विकतात खरं.

मॅकबुक असेल तर?

मॅकओएस यंत्राबरोबर जातं, ॲप स्टोअरवरून घेतलेली ॲप तुमच्या ॲपल खात्यात राहतात. विकण्याआधी आयक्लाउडमधून साइन आउट व्हा आणि 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' करा. 'फाइंड माय' तसंच चालू राहिलं तर ॲक्टिव्हेशन लॉकमुळे घेणाऱ्याच्या हातात महागडं ताट उरतं, वाढायला काही नाही.

ऑनलाइन चारशे-पाचशे रुपयांत विंडोजची की मिळते. ती टाकून विकलं तर?

त्यातल्या पुष्कळशा कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या असतात. आज चालते, उद्या बंद. ॲक्टिव्हेशन झालं म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही. आमच्याकडे आणलेल्या मशीनवर अशी की दिसली तर आम्ही ते मशीन 'विंडोजशिवाय' धरून भाव करतो. रागावू नका.

आपली वस्तू आपण विकली, यात कायदा कुठे आडवा येतो?

वकील नाही, पण एवढी वर्षं धंद्यात राहून जे वाचलं ते सांगतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कलम १४मध्ये, सॉफ्टवेअरची प्रत विकण्याचा हक्क कॉपीराइट असणाऱ्याला दिलेला आहे. १९९४च्या दुरुस्तीनंतर तिथे 'ती प्रत आधी विकली गेली असली तरी' अशा अर्थाचे शब्द होते, म्हणजे एकदा विकलेल्या प्रतीवरही त्याचाच ताबा. १९९९ला ते शब्द काढले. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात, डब्यात येणारं तयार सॉफ्टवेअर विक्रीकरासाठी 'माल' आहे असं म्हटलं. २०२१मध्ये त्याच न्यायालयाने आयकराच्या एका मोठ्या निकालात, वापरणाऱ्याला मिळते ती प्रत वापरायची मुभा, कॉपीराइट नव्हे, हे स्पष्ट केलं.

बाहेरही एकमत नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१२मध्ये ओरॅकलच्या प्रकरणात, कायमचं घेतलेलं लायसन्स पुढे विकता येतं, फक्त आपल्याकडची प्रत निकामी केली पाहिजे, असा निकाल दिला. अमेरिकेत त्याआधी दोनच वर्षं, ऑटोकॅडच्या जुन्या प्रती विकणाऱ्या माणसाच्या खटल्यात, अपील न्यायालयाने उलट म्हटलं: तू ज्याच्याकडून त्या घेतल्यास तोच मालक नव्हता, लायसन्सधारक होता. लायसन्सच्या कागदावर नाव कोणत्या देशाचं आणि अट काय, यावर सगळं येऊन ठेपतं.

एक गोष्ट मात्र वादाची नाही. चोरीची प्रत आहे हे माहीत असून वापरली, तर कलम ६३-ब खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. धंद्यासाठी वापरलेली नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. पायरेटेड सॉफ्टवेअर भरलेला कॉम्प्युटर 'सगळं टाकून दिलंय' म्हणून विकणं हा मोठेपणा नाही, घेणाऱ्याच्या गळ्यात घातलेलं लोढणं आहे.

विंडोज १०चं लायसन्स आता फुकट गेलं का?

लायसन्स चालू आहे, विंडोज चालतंही. १४ ऑक्टोबर २०२५ला नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत ते वाढवून घेता येतात. यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल आणि प्रोसेसर पुरेसा नवा असेल, इंटेलचा ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा, तर त्याच लायसन्सवर विंडोज ११ फुकट मिळतं. आधी ते करून मग विका, भाव बरा येतो. विंडोज ७ किंवा ८च्या जुन्या कीने ११ चालू व्हायचं, ते सप्टेंबर २०२३मध्ये बंद झालं. ती सीडी कपाटात ठेवून काही मिळणार नाही.

पुसायचं कसं? फाइली डिलीट केल्या की झालं ना?

नाही झालं. आधी सगळी साइन आउट आणि सरेंडर आटपा, पुसल्यावर ती करता येत नाहीत. मग सेटिंग्जमध्ये 'रिसेट धिस पीसी', त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि पुढच्या पर्यायांत 'क्लीन डेटा' चालू करा. मोठ्या जुन्या डिस्कवर याला कित्येक तास लागतात. पावसाळ्यात करत असाल तर चार्जर लावून, बॅटरी भरलेली ठेवून, आणि गडगडाट नसलेला दिवस बघून. मध्येच वीज गेली की अर्धवट पुसलेलं यंत्र आमच्याकडेच यायचं असतं.

न पुसता देणाऱ्यांसाठी एक किस्सा. सावंतवाडीला गेलेल्या एका लॅपटॉपवर निळा पडदा आला आणि त्याने बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागितली. ती की होती विकणाऱ्या बाईंच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. बाई तेव्हा पंढरपूरला वारीत. तिकडच्या गर्दीत उभं राहून त्यांनी फोनवर अठ्ठेचाळीस अंक वाचून दाखवले, तेही दोनदा, कारण पहिल्या वेळी भजनात एक सात ऐकू आला नाही.

घेणाऱ्याला चिठ्ठीवर काय लिहून देऊ?

आम्ही हे लिहितो, तुम्हीही उतरवून घ्या:

'लॅपटॉपचा सीरियल नंबर अमुक. मूळ बिलाची प्रत सोबत. विंडोज ११ होम, यंत्रासोबतचं ओईएम, देताना चालू करून दाखवलं. ऑफिस व इतर कोणतंही सॉफ्टवेअर या विक्रीत नाही. माझी सर्व खाती काढली आहेत, डिस्क पुसली आहे. मदरबोर्ड बदललेला आहे / नाही.'

खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. शेवटच्या ओळीत एक शब्द खोडायला विसरू नका, आमच्याकडे दोन्ही ठेवलेल्या चिठ्ठ्याही येतात.